बसायचा कायदा

सोमवार, १० फेब्रुवारी

ही वही हिने आणून दिली. काल जेवताना मी दुकानातलं काहीतरी सांगत होतो, तर ही म्हणाली, "एकतीस वर्षं ऐकतेय. आता वहीला सांगा. ती बिचारी ताटावरून उठून जाणार नाही." मला वाटलं चेष्टा आहे. आज संध्याकाळी खरंच टेबलावर वही. दोनशे पानी!

तर वहीबाई, आजची बातमी. विधानसभेने दुकानांसाठी नवा कायदा केलाय. दुकानातल्या प्रत्येक कामगाराला बसायला जागा द्यायची आणि समोर गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्याला बसू द्यायचं. नाही दिलं तर दंड. एक मेपासून लागू. मी गल्ल्यावर बसून बातमी दोनदा वाचली, मग दुकानात कामाला असलेल्या चष्मेवालीला वाचायला दिली. तिने वाचली, थोडी हसली आणि पेपर घडी करून ठेवून दिला. कापड कापून देणाऱ्या मोठ्या बाईंनी हातात घेतलाच नाही. त्या अस्तराचे तागे लावत होत्या.

आमचं दुकान कापडाचं. वडिलांनी काढलं. त्यांचं एकच तत्त्व होतं: "माणूस बसला की धंदा बसला." आत येणाऱ्या गिऱ्हाइकाला समोर उभा माणूस दिसला की त्याला वाटतं, हे आपलीच वाट बघत होते. आता हे विधानसभेत बसून कसं कळणार? तिथे सगळेच बसलेले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

व्यापारी संघटनेची सभा झाली. सगळे तावातावाने बोलले. चपलांचा दुकानदार म्हणाला, उद्या उशी मागतील. आमचे अध्यक्ष, म्हणजे भांडेवाले, शेवटपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "कायद्यात 'आसन ठेवा' असं लिहिलंय. ठेवा की! 'उचलून बसवा' असं कुठे लिहिलंय?"

हशा पिकला. माणूस डोकेबाज आहे. उगाच नाही तीन वेळा बिनविरोध निवडून आला.

मंगळवार, ११ मार्च

आज मोठ्या बाईंना चोवीस वर्षं पूर्ण झाली. मी तारीख लक्षात ठेवतो. त्यांना पेढा दिला. बाईंसारखा माणूस मिळायचा नाही. डोळे मिटून बोटांत कापड धरतील आणि सांगतील, यात सूत किती आणि भेसळ किती. कामाचा उरक असा की बघत राहावं. दिवसभर पाण्याचा घोट घेत नाहीत. शौचालय बाजाराच्या दुसऱ्या टोकाला आहे, चष्मेवाली दिवसातून दोनदा तिकडे जाते आणि वीस-वीस मिनिटं घालवते. बाईंचं तसं नाही.

त्यांच्या काही लकबी आहेत. काउंटरमागे चपला काढून ठेवतात आणि एक पाय खालच्या फळीवर टेकवतात. थोड्या वेळाने दुसरा. बगळ्यासारखं. उन्हाळ्यातही जाड मोजे घालतात. आवड एकेकाची.

बुधवार, ३० एप्रिल

सुताराकडून तीन स्टुलं आली. पाठ लावलेली नाही. पाठ लावली की जागा अडते आणि पैसेही जास्त. काउंटरच्या मागे एका रांगेत ठेवली. कायद्याचं काम झालं.

मंगळवार, ६ मे

आठवडा झाला, स्टुलांवर कुणीही बसलेलं नाही. एकावर पडद्याच्या कापडाचे नमुने ठेवलेत, दुसऱ्यावर चष्मेवालीचा डबा. मी म्हणतच होतो, आपल्या माणसांना बसायची गरजच नाही. सरकारला उगाच वाटतं.

एकदा, काल दुपारी, चष्मेवाली बसली होती. मी काही बोललो नाही. फक्त खोकलो. ती उठली.

सोमवार, १९ मे

आज इन्स्पेक्टर आल्या. बाई होत्या, चाळिशीच्या, हातात फाइल. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. स्टुलं मोजली. नमुने आणि डबा मी वेळीच उचलायला लावला होता. मग त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं, "बसायला मिळतं का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाल्या, "हो, मिळतं."

"मग बसा ना. आत्ता गिऱ्हाईक नाहीये."

बाई बसल्या. काय हुबेहूब बसल्या! दोन्ही हात मांडीवर ठेवले, श्वास सोडला, डोळे मिटले. रोजची सवय असल्यासारख्या. इन्स्पेक्टर मॅडम बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग फाइलमध्ये काहीतरी लिहून निघून गेल्या. त्या दाराबाहेर पडल्या तरी बाई उठल्या नव्हत्या. मीच म्हटलं, "गेल्या हो बाई. सुटलो!" तेव्हा काउंटर धरून उठल्या.

नाटकात असत्या तर नाव काढलं असतं. खूश होऊन त्यांना चांगल्यातल्या कापडाचा एक पीस देऊ केला. "पीस नको, मालक," म्हणाल्या. "तुमच्याशी जरा बोलायचं होतं." म्हटलं, बोलू की, शाळांचा हंगाम संपू दे.

सोमवार, ९ जून

शाळा पुढच्या आठवड्यात उघडणार. गणवेशाच्या कापडाला नुसती झुंबड. पांढरं, निळं, खाकी, पुन्हा पांढरं. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत कुणालाही मान वर करायला फुरसत नाही. दुपारी बाई पुन्हा म्हणाल्या, "मालक, ते बोलायचं राहिलंय." म्हटलं, "बाई, आत्ता?" त्या म्हणाल्या, "नाही, सावकाश."

गुरुवार, १२ जून

मोठ्या बाई आल्या नाहीत. चोवीस वर्षांत न सांगता पहिल्यांदा. ऐन हंगामात! मनातून चिडलो होतो. अकराला त्यांच्या भाचीचा फोन आला. सकाळी निघायच्या तयारीत असताना पायाची फुगलेली शीर फुटली. दाराच्या उंबऱ्यापासून मोरीपर्यंत रक्त. दवाखान्यात ठेवलंय.

मला पुन्हा पुन्हा एकच सुचत होतं: पायाची शीर? कशाने?

शुक्रवार, १३ जून

दवाखान्यात जाऊन आलो. बाईंचे दोन्ही पाय उशांवर उंच ठेवलेले. मोजे नव्हते. मी चोवीस वर्षांत त्यांचे पाय पाहिले नव्हते, आणि पाहिल्यावर खिडकीकडे बघायला लागलो. गुडघ्याखाली काळंनिळं, दोऱ्यांचा गुंता झालेला असावा तसं. घोट्याजवळ जुनी जखम होती, कालची नाही, कितीतरी दिवसांची.

डॉक्टर तरुण होता. केसपेपर भरत होता. मला विचारलं, "तुम्ही यांचे कोण?" म्हटलं, "यांच्या दुकानाचा... म्हणजे या माझ्याकडे आहेत. कापडाच्या दुकानात."

"दिवसभर उभ्याचं काम?"

"नाही, नाही," मी म्हटलं. "बसायची सोय आहे."

त्याने तसं लिहिलं. बाई छताकडे बघत होत्या.

डॉक्टर गेल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "त्या दिवशी इन्स्पेक्टरसमोर तुम्ही मला वाचवलंत, बाई."

"तुम्हाला नाही हो मालक," त्या म्हणाल्या. "ती बाई काय, लिहून निघून गेली असती. मला दुसऱ्या दिवशी तुमच्याच समोर उभं राहायचं होतं."

रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. कापडाचा भाव सांगावा तशा सांगत होत्या.

निघताना विचारलं, "तुम्हाला काय बोलायचं होतं?"

"कापायचं टेबल वीतभर खाली घेता आलं तर बसून कापता येईल, एवढंच. मी मापही काढून ठेवलं होतं. तुम्हाला हंगाम होता."

शनिवार, १४ जून

माणूस कमी, म्हणून बाईंच्या जागी मी उभा राहिलो. कापड मला कापता येतं, वडिलांनीच शिकवलंय. गिऱ्हाईक ओळखीचं निघालं की गप्पा होतात. अकरापर्यंत मजा वाटली.

सोमवार, १६ जून

आज काही लिहीत नाही. पाय.

बुधवार, १८ जून

तीन वाजता माझ्याही नकळत माझा एक पाय खालच्या फळीवर गेला. नंतर दुसरा. फळीची कड तिथे झिजून गुळगुळीत झालीय, बोट फिरवलं तर कळतं.

त्या वेळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. स्टूल माझ्या मागे दोन हातांवर होतं. दुकान माझं, स्टूल माझं, खोकणाराही मीच. तरी बसताना मी दाराकडे पाहिलं. कोण बघणार होतं, देव जाणे.

बसलो. चष्मेवाली उभीच होती. म्हटलं, "बस गं." ती म्हणाली, "नको, ठीक आहे." पुन्हा म्हटलं, "अगं, बस." तेव्हा स्टुलाच्या कडेला टेकली, कधीही उठता येईल अशी.

रविवार, २२ जून

सुताराला घरी बोलावलं. टेबल वीतभर खाली घ्यायला सांगितलं, आणि स्टुलांना पाठी. तो म्हणाला, "तेव्हाच सांगत होतो, पाठ लावा." त्याने खरंच सांगितलं होतं.

सोमवार, ३० जून

बाईंची भाची दुकानात आली. उभ्या उभ्याच बोलली. कामगारांसाठी आजाराची एक सरकारी योजना आहे. कामामुळे दुखणं जडलं असेल तर शस्त्रक्रियेचा खर्च आणि घरी बसावं लागेल त्या काळाचा निम्मा पगार मिळतो. बाईंनी अर्ज केला होता. तो फेटाळून परत आलाय. तिने कागद काउंटरवर ठेवला. 'रुग्णाचे काम बैठ्या स्वरूपाचे असल्याचे केसपेपरवरून दिसते.'

"हे डॉक्टरांना कुणी सांगितलं, तेवढं मला विचारायचंय," ती म्हणाली. "मावशी सांगत नाही."

मी म्हटलं, "मी सांगितलं."

तिने कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "अपिलाला पंधरा दिवस आहेत. मालकाचं लेखी म्हणणं लागतं." कागद उचलला आणि गेली.

लेखी द्यायचं म्हणजे काय, ते मला कळतं. बाई उभ्या होत्या असं लिहिलं, तर मे महिन्यात इन्स्पेक्टरसमोर जे झालं ते खोटं होतं असंही त्यातच आलं. इकडे आड, तिकडे विहीर.

मंगळवार, १ जुलै

भांडेवाल्यांना विचारलं. म्हणाले, "बाईंना हवी तेवढी मदत खिशातून करा, मीही घालतो. पण लिहून देऊ नका. आज तुम्ही दिलंत की उद्या प्रत्येक दुकानात तपासणी." वाईट माणूस नाही. खरंच पाकीट काढलं होतं त्यांनी.

संध्याकाळी बाईंच्या भाचीला फोन करून सांगितलं की सगळा खर्च मी करतो, अर्जाचं राहू दे. तिने फोन बाईंना दिला. बाई म्हणाल्या, "मालक, तुम्ही दिलंत तर ते उपकार होतील. मी काम केलंय."

बुधवार, २ जुलै

न राहवून हिला सगळं सांगितलं. खोटं बोलल्यासकट. ही ताटावरून उठली नाही. शेवटी म्हणाली, "वहीला सांगितलंत का हे?"

"सांगितलं."

"ती काय म्हणाली?"

"वही काय म्हणणार?"

"मग मीही काही म्हणत नाही. तुमचं तुम्ही ठरवा." ताट उचलून आत गेली आणि आतूनच बोलली, "मी दुकानात आले की त्यांच्या पायांकडे बघायचे. तुम्हाला बोलले होते. दोनदा."

मला एकदाही आठवत नाही. मी तिला म्हटलं, असेल. पण ती असल्या बाबतीत कधी चुकत नाही.

शनिवार, ५ जुलै

लिहायला बसलो. पहिल्या कागदावर लिहिलं, 'सदर महिलेस कामानिमित्त काही वेळा उभे राहावे लागत असे.' वाचून पाहिलं. दिवसाचे नऊ तास म्हणजे 'काही वेळा'? फाडला.

दुसऱ्यावर वडिलांचं नाव आलं, त्या काळची पद्धत आली, बाजारात सगळीकडेच असं आहे हेही आलं. दीड पान झालं. त्यात बाई कुठेच नव्हत्या. फाडला.

तिसरा असा: 'त्या चोवीस वर्षे माझ्या दुकानात दिवसभर उभ्या राहून काम करत होत्या. एप्रिलअखेर मी स्टुले आणली, पण बसू दिले नाही. दवाखान्यात मी डॉक्टरांना खोटे सांगितले.'

'बसू दिले नाही' इथे बराच वेळ अडलो. मी कुणाला बसू नका असं कधी म्हटलंच नाही. खोकलो फक्त. आता खोकला अर्जात कसा लिहायचा? शेवटी आहे तसंच ठेवलं. सही केली.

सोमवार, ७ जुलै

कागद स्वतः नेऊन दिला. एक प्रत योजनेच्या कचेरीत, एक इन्स्पेक्टर मॅडमना. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

"स्वतःविरुद्ध लिहून देणारे तुम्ही पहिलेच."

"माझ्याविरुद्ध म्हणून नाही लिहिलं," मी म्हटलं. "त्यांच्यासाठी लिहिलंय."

"मला त्याच दिवशी कळलं होतं. त्या बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. रोज बसणारं माणूस असं बसत नाही." त्यांनी कागद फाइलला लावला. "पण मी विचारलं आणि त्या हो म्हणाल्या. मी काय लिहिणार? आणि तुमच्या देखत विचारलं, ही माझी चूक."

मी घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत होतो. मी ज्याला नाटक म्हणालो होतो ते दुकानात आलेल्या परक्या बाईला पाच मिनिटांत कळलं.

सोमवार, २८ जुलै

दंड झाला. शिवाय दारावर महिनाभर सूचना लावायची: या दुकानाने आसन कायद्याचा भंग केला आहे. चष्मेवालीने ती नीट सरळ चिकटवली. दोन गिऱ्हाइकं वाचून आत न येता गेली. एक वाचून मुद्दाम आत आलं, चार मीटर कापड घेतलं आणि घासाघीस केली नाही. संघटनेच्या सभेचं बोलावणं या वेळी आलं नाही.

आज दुपारी आम्ही दोघंही बसलेलो असताना एक आजोबा दारातून डोकावले. "सगळे बसलेत म्हणजे बंद आहे वाटतं," म्हणाले आणि परत फिरले. चष्मेवाली धावत जाऊन त्यांना घेऊन आली. खूप हसलो. धंदा थोडा कमी झालाय हेही खरं. कायद्यामुळे की सूचनेमुळे, की शाळांचा हंगाम संपला म्हणून, मला सांगता येणार नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

बाईंचं अपील मंजूर झालं. एका पायाची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याची पुढच्या महिन्यात.

शनिवार, ६ सप्टेंबर

मोठ्या बाई आल्या. भाचीचा हात धरून, सावकाश. मी काउंटरबाहेर आलो. तेव्हा लक्षात आलं, मधे काउंटर नसताना आम्ही कधी समोरासमोर उभे राहिलो नव्हतो. त्या मला वाटायच्या तेवढ्या उंच नाहीत.

त्यांना आत नेलं. खाली घेतलेलं टेबल त्यांनी हाताने चाचपलं. पाठ लावल्यावर खुर्चीच झालेल्या स्टुलावर बसल्या, कात्री घेतली, पडलेल्या तुकड्याची एक सरळ पट्टी कापून पाहिली. "बरोबर आहे," म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला.

"मग कधीपासून येताय? अर्धा दिवस आलात तरी चालेल."

त्यांनी कात्री ठेवली. "नाही येणार मी, मालक."

म्हटलं, "आता सगळं केलंय की."

"केलंय ना. चांगलं केलंय." चष्मेवालीकडे बघून म्हणाल्या, "तिला कामाला येईल. मला आता या वासातही उभं राहिल्यासारखं वाटतं." कोऱ्या कापडाचा वास. मला तो कधी जाणवतही नाही.

मी माफी मागितली. नीट जमली नाही, वाक्य अर्धंच राहिलं. त्या म्हणाल्या, "लिहून दिलंत ना. तेवढं पुरे." पुरे म्हणजे पुरलं की थांबा, ते कळलं नाही.

त्या गेल्यावर चष्मेवाली मागच्या खोलीत जाऊन रडली. मी गिऱ्हाईक बघितलं.

सोमवार, २२ सप्टेंबर

आजपासून नव्या बाई आल्या. आधी काचसामानाच्या दुकानात अकरा वर्षं होत्या. हात चांगला आहे, बोलणं गोड. आल्या आल्या पर्स ठेवली आणि विचारलं, "मालक, उभी कुठे राहू?"

मी म्हटलं, "ही तुमची खुर्ची. गिऱ्हाईक नसलं की बसायचं. मला विचारायचं नाही." त्या "बरं" म्हणाल्या आणि खुर्चीच्या शेजारी उभ्या राहिल्या.

अकराला पुन्हा सांगितलं. "हो हो, बसते की," म्हणाल्या. बाराला चष्मेवालीने स्वतः बसून दाखवलं. नव्या बाई हसल्या, उभ्याच. मधूनच त्यांची नजर माझ्याकडे यायची. मला खोकला आला होता, तो मी गिळला. एकला गल्ल्यावर खाली मान घालून बसलो, काही वाचत असल्यासारखा, म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही. तरी नाही.

दुपारी चहाला म्हणून बाहेर पडलो. रस्ता ओलांडला आणि सहज वळून पाहिलं. काचेतून सगळं दुकान दिसत होतं. नव्या बाई खुर्चीत बसल्या होत्या. पाठ टेकून, पाय लांब करून. चष्मेवाली त्यांना काहीतरी सांगत होती आणि त्या हसत होत्या.

चहा पिऊन झाला. परत जायला निघालो आणि पदपथाच्या कडेलाच थांबलो.

भांडेवाले त्यांच्या पायरीवर होते. जुलैनंतर आज पहिल्यांदाच बोलले. "काय हो, असे उन्हात का उभे? कुणाची वाट बघताय?"

"कुणाची नाही," म्हटलं. "जरा उभा राहतो."